व्याही ध्यानाला बसतात

शांत बसायला शिकण्यासाठी आमच्या व्याह्यांनी जेवढा गोंगाट केला, तेवढा नगर जिल्ह्यात आजवर कुणी केला नसेल आणि पुढे कुणी करील असंही मला वाटत नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे, वैशालीचे, सासरे. सोनईला राहतात. जन्मभर त्यांनी गुराढोरांचा व्यापार केला. चहूबाजूंनी जनावरं हंबरत असताना गिऱ्हाइकाला आपला शब्द ऐकू जावा म्हणून जो आवाज लागतो, तो त्यांनी तरुणपणीच कमावला, आणि घरी येताना तो बाजारातच ठेवून यावा हे त्यांना कधी सुचलं नाही. चहात साखर कमी पडली हे ते ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात मी उभ्या आयुष्यात कुणाला हाकसुद्धा मारलेली नाही. मी नगरला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. 'शांतता राखा' या पाटीखाली माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे लग्नाच्या बोलणीला गेलो असताना त्यांचा आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा हे गृहस्थ भांडायला उठले असं समजून मी बायकोला हळूच म्हटलं होतं, "चल, निघू या." ते आम्हाला पुरणपोळी आणखी घ्या म्हणून आग्रह करत होते.

माणूस मनाचा मोठा. वैशालीला त्यांनी लेकीसारखं ठेवलं, आमच्याकडे कधी रिकाम्या हाताने आले नाहीत, आणि मी घाबरतो हे ध्यानात आल्यावर माझ्याशी बोलताना ते मुद्दाम आवाज खाली आणायचे. म्हणजे शेजारच्या घरात ऐकू जायचं, त्याच्या पलीकडच्या घरात जायचं नाही. पण हा आवाज एकदा त्यांच्याच जिवावर उठला. आमचे जावई आयटीआय झालेले. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटावर लागले होते. सोनईहून सुपा म्हणजे मधे अख्खं नगर ओलांडायचं. मोटारसायकलवरून जाऊन येऊन पाठीचे मणके ढिले झालेले. अशात कारखान्याने कायम करतो म्हणून सांगितलं, पण पाळी रात्रीचीही असेल, तेव्हा जवळ राहायला या, अशी अट घातली. जावयांनी हे गोठ्यात वडिलांच्या कानावर घातलं. "घरची दावन सोडून दुसऱ्याच्या पत्र्याच्या शेडमधी उभा ऱ्हानार व्हय रं?" इथून जी सुरुवात झाली, ती इतकी चढली की रस्त्यावरून चाललेला टेम्पोवाला इंजिन बंद करून ऐकत थांबला. आणि मग एका वाक्याच्या मध्यावर आमचे व्याही गप्प झाले. गोठ्याचा खांब धरून खाली बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

नगरला दवाखान्यात आणलं. मीही धावत गेलो. डॉक्टर तरुण होता, पण भीत नव्हता. रक्तदाबाचा आकडा त्याने दोनदा घेतला आणि म्हणाला, "काका, गोळ्या मी देतो. पण परत एकदा असे चिडलात तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. जरा ध्यान वगैरे करा. असं शांत बसायला शिका, यांच्यासारखं." त्याच्या टेबलावर बुद्धाची वीतभर मूर्ती होती, तिच्याकडे त्याने बोट दाखवलं. डॉक्टर हे बोलण्याच्या ओघात बोलून गेला असेल. पण आमच्या व्याह्यांनी ते गोळ्यांच्या चिठ्ठीइतकंच पक्कं धरलं. बाहेर येताच मला विचारलं, "पाव्हणं, हे ध्यान कुठं मिळंल?" मी म्हटलं, ध्यानाचे पुष्कळ प्रकार आहेत, सोनईतच एखादा योगाचा वर्ग असेल. त्यावर म्हणाले, "न्हाई. बुद्धासारखं म्हनले ना डाक्टर? मंग बुद्धाचंच शिकायचं. खिलारी बैल आन म्हनलं तर जर्सी गाय घिऊन येतो का आपन?"

घरात मात्र एक वेगळीच शांतता पसरली होती आणि ती चांगली नव्हती. त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले. राग धरून नव्हे, भीतीने. विषय काढला तर दादा, म्हणजे वडील, भडकतील, भडकले तर काय होईल, म्हणून जावई तोंड उघडत नव्हते. आपण तोंड उघडलं की आवाज चढणार हे ठाऊक असल्याने व्याहीही मुलाकडे न पाहता गाईकडे पाहून बोलायचे. ताटं वाढली जात, दूध डेअरीला जाई, कारखाना उत्तर मागत राही. वैशाली फोनवर कुजबुजत रडायची. "बाबा, हे नोकरी सोडतील आणि आतल्या आत कुढत बसतील, नाहीतर न सांगता निघून जातील. आणि तसं झालं तर दादांचं काय होईल?" सोनईहून फोन आला की तो उचलण्याआधी मी दवाखान्याचा नंबर शोधून ठेवायचो. तेव्हा व्याह्यांच्या ध्यानाची मी आज गंमत सांगतोय खरी, पण ते त्यांना लवकर साधावं असं माझ्याइतकं त्यांना स्वतःलाही वाटत नसेल.

सुरुवात त्यांनी माझ्यापासूनच केली. ग्रंथपाल व्याही असण्याचा आजवर त्यांना काडीचा उपयोग झाला नव्हता. "ध्यानावरचं एखादं बुक द्या," म्हणाले, "पन बारीक द्या. जाड बुकाचा खुराक मला पचायचा न्हाई." मी बुद्धाच्या शिकवणीवरचं एक सोपं पुस्तक दिलं. चार दिवसांनी परत आलं. पहिल्याच प्रकरणात लेखकाने 'मन हे माकडासारखं आहे' असं लिहिलं होतं. व्याह्यांचं म्हणणं, या माणसाने माकड पाहिलेलं नाही. माकड भूक लागली की येतं आणि पोट भरलं की जातं. मन कुठं जातं? पुढचं वाचण्यात त्यांना अर्थ वाटला नाही. मी आणखी एक पुस्तक दिलं. त्यात डोळे मिटून बसा असं लिहिलं होतं. "डोळं मिटल्यावर पुढचं वाचायचं कसं?" असं विचारून तेही परत केलं, आणि प्रामाणिकपणे सांगतो, प्रश्न मला रास्त वाटला.

मग वैशालीने त्यांच्या मोबाईलमध्ये ध्यानाचं ॲप घालून दिलं. त्यात एक बाई मधासारख्या आवाजात हिंदीत बोलायच्या. शरीर को ढीला छोडिए, कंधे ढीले छोडिए. व्याह्यांना हिंदी बाजारापुरती येते, तेव्हा ते मोठ्याने उत्तर द्यायचे, "छोड दिया बाई, आगे बोलो." घरात बसून जमेना म्हणून ते मोबाईल घेऊन गोठ्यात बसू लागले. तिथे त्या बाईंचा आवाज एका लाथाड्या गाईला असा काही मानवला की ती धारेला मुकाट उभी राहू लागली. विहीणबाईंना तेवढं ध्यान पटलं. पण व्याह्यांना पटलं नाही. "गाईला लागू पडलं, मला न्हाई," म्हणाले. शिवाय 'आता मनात कुठलाच विचार उरलेला नाही' असं बाईंनी म्हणायला आणि मधेच पशुखाद्याची जाहिरात लागायला एकच गाठ पडायची. त्या ॲपने त्यांना समाधी दिली नाही, मात्र सरकी पेंडीची चार पोती त्यांनी त्या काळात मागवली.

यावरून त्यांनी ठरवलं की पुस्तकातून आणि यंत्रातून हे यायचं नाही, समोर गुरू पाहिजे. आणि गुरू करायचा तर पारखून. जनावर घेताना ते दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात, पण खरा सौदा करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतात: "खोड काय हाय?" मारकं आहे का, दावं तोडतं का, नांगराला जुंपलं की मटकन खाली बसतं का. बिनखोडीचं जनावर जगात नाही आणि मालकाने खोड सांगितली तरच तो खरा, हा त्यांचा सिद्धान्त. तो त्यांनी जसाच्या तसा गुरूंना लावला. तिसगावला एका मंगल कार्यालयात पुण्याचे कुणी तरुण सद्गृहस्थ रविवारी ध्यानाचा वर्ग घेतात असं कळलं, तेव्हा मला सोबतीला घेऊन गेले. त्या गृहस्थांचा पांढरा सदरा, सतरंजी, अगरबत्ती सगळं यथासांग होतं. आमचे व्याही मागे बसले आणि वर्ग संपल्यावर सरळ पुढे जाऊन म्हणाले, "सायेब, जरा उठून दावता का?" ते बिचारे गोंधळून उठले. उठताना हाताचा टेकू घ्यावा लागला आणि गुडघा वाजला. व्याह्यांनी मान हलवली. बसलेला गुरू कुणीही बघेल, गुरू उठताना बघावा, असं त्यांनी मला परतीच्या एसटीत सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं समजावून सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

दुसऱ्या एका ठिकाणचे गुरू मौनाचं महत्त्व सांगायला उभे राहिले ते जेवणाची वेळ टळून गेली तरी सांगतच होते. व्याह्यांनी शेवटी हात वर करून खोड विचारली. "माझी खोड?" ते हसून म्हणाले, "ध्यानानं माझ्या सगळ्या खोडी गेल्या." तिथून आम्ही चप्पल घालून निघालो. त्यापेक्षा पावसाळाभर एकाच जागी राहायच्या व्रतासाठी, वर्षावासासाठी, नगरजवळच्या एका विहारात थांबलेले म्हातारे भंते त्यांना फार आवडले. दात नसलेले, हसरे. त्यांना खोड विचारताच ते म्हणाले, "मला गोड फार आवडतं आणि आम्हा भिक्खूंना दुपारनंतर खायचं नसतं. रोज दुपारनंतर आठवतं." व्याही एकदम खूष झाले. पण वर्षावास संपला आणि भंते पुढच्या गावी निघून गेले. "फिरस्ता गुरू घरच्या दावनीला बांधता येतोय व्हय," असं काहीसं पुटपुटत व्याही त्या दिवशी घरी आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

भंत्यांनीच जाताना दहा दिवसांच्या शिबिराचं सुचवलं होतं. डोंगराच्या कुशीतलं ते केंद्र, तिथे बोलायचं नाही, फोन नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत. आमच्या घरात आणि त्यांच्या घरात पैजा लागल्या. विहीणबाई म्हणाल्या, "धा दिस? धा मिंटं गप बसले तरी मी बीपीचं मशीन आनते." पण गेले. आणि तीन दिवस खरोखरच बसले. व्याही स्वतः सांगतात, "जल्मभर बशा बैल दावनीला बांधला न्हाई, आन या वयात सोता बशा व्हायची वेळ आली." तिसऱ्या दिवशी नाकपुडीखाली श्वासाची गार-गरम झुळूक कळू लागली. चौथ्या दिवशी पहाटे सगळे डोळे मिटून बसलेले असताना कुंपणापलीकडच्या वस्तीवर एक म्हैस हंबरली. इतरांना ती नुसती हंबरली. आमच्या व्याह्यांना कळलं की ती अडलीये. त्यांनी तो आवाज श्वासावर येऊन विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला. दुसऱ्यांदा हंबरली, तिसऱ्यांदा हंबरली. मग ते उठले, कुंपण ओलांडलं, आणि रेडकाचा मागे अडकलेला पाय नीट करून म्हैस मोकळी केली. सूर्य उगवल्यावर हात धुऊन ते परत आपल्या जागेवर येऊन बसले होते, पण तोवर त्यांनी म्हशीला घातलेल्या हाळ्या अख्ख्या केंद्राने ऐकल्या होत्या. आचार्यांनी बोलावून घेतलं. "आपण मौन मोडलंत." व्याही म्हणाले, "म्हशीसंगं बोललो, मानसासंगं न्हाई." आचार्य हसले म्हणतात. पण नियम तो नियम, पुढच्या खेपेला पहिल्यापासून या, असं प्रेमाने सांगून त्यांना घरी पाठवलं. घरी आले ते हिरमुसून. मुलाने स्टँडवरून गाडीवर आणलं. सगळ्या वाटेत दोघं एक अक्षर बोलले नाहीत.

आणि मग एवढा जिल्हा पालथा घातल्यावर गुरू सापडला तो सोनईपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे त्यांच्या हाकेच्या. शेजारच्या गावातल्या बौद्ध वस्तीत छोटासा विहार आहे. तिथे दर रविवारी सकाळी एक निवृत्त मुख्याध्यापिका ध्यान घेतात. व्याही पहिल्यांदा तिकडे निघाले तेव्हा पारावरच्या एकाने टोकलं, "तिकडं कशाला जाता, आपल्यात काय कमी हाय?" व्याही म्हणाले, "आपल्यात शांतता कमी हाय. तुज्याकडं आसंल तर दे." हे सबंध पाराने ऐकलं आणि त्यानंतर कुणी विचारलं नाही. विहारात पंचवीसेक माणसं बसली होती, बरीचशी बाया. व्याही नेहमीप्रमाणे मागे उभे राहून बाईंना निरखू लागले. बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "भाऊ, बघायला आलात का बसायला?" व्याह्यांनी खोड विचारली. बाईंनी डोळे उघडले आणि शाळेच्या पटांगणाच्या टोकाला पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी खोड अशी की उशिरा आलेल्याला मी बाहेर उभं करते. बसा!" आमचे व्याही खाली बसले. लहानपणी शाळा सोडल्यानंतर त्यांच्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं. घरी येऊन सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. "जनावर कसं आसावं," एवढं बोलून ते थांबले आणि कान पकडून म्हणाले, "गुरू कसा आसावा, तर असा."

बाईंनी त्यांना काही वेगळं शिकवलं नाही. श्वास येतो, बघा. जातो, बघा. मन पळालं की रागवू नका, परत या. पण त्या दर रविवारी हजेरी घ्यायच्या आणि आठवडाभरात किती वेळा ओरडलात ते सगळ्यांसमोर विचारायच्या. व्याही खोटं बोलत नाहीत, त्यामुळे उत्तर लांबायचं. शेवटी बाईंनी गृहपाठ दिला: येत्या पौर्णिमेला उजाडल्यापासून दिवा लागेपर्यंत घरी मौन. घर सोडून कुठे जायचं नाही, म्हशीशीही बोलायचं नाही.

नेमकं त्याच दिवशी कारखान्याचं अखेरचं विचारणं आलं. संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. वैशालीचा फोन आला. "बाबा, तुम्ही या आणि मधे पडा. आता आज झालं नाही तर कधीच नाही." मी मधे पडण्याच्या कामाचा माणूस नव्हे. तरी एसटीत बसलो. वाटेत काय काय बोलायचं ते मनात मांडलं, आणि मुख्य म्हणजे आवाज चढायला लागला तर डॉक्टरला फोन कोण करणार ते ठरवलं. पोचलो तेव्हा व्याही ओसरीवर घोंगडी अंथरून बसले होते. मला पाहून हात जोडले आणि काही बोलले नाहीत. मी जागच्या जागी थबकलो. या घरात पाऊल टाकल्यावर माझ्या कानाचे पडदे थरथरले नाहीत असं कधी झालं नव्हतं. विहीणबाई आतून म्हणाल्या, "आज पुनव हाय. बाईंनी मौन दिलंय. सकाळधरनं एक शबुद न्हाई. गाईनं भरली बादली सांडली तरी न्हाई. बाकीच्या दिशी गाव झोपू देत न्हाईत, आन आज बोलायचं तर तोंडाला कुलूप."

मी घसा साफ करून प्रस्तावना केली. फार मुद्देसूद होती, पण कुणी ऐकत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या जावयांकडे होतं. ते पुढे आले आणि म्हणाले, "दादा, मला सुप्याला जायचंय." आणि थांबले. थांबले, कारण नेमक्या याच जागी आजवर वडिलांचा आवाज यायचा. तो आला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पुढचं वाक्य बोलले, पुन्हा थांबले. पुन्हा काही नाही. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच वडिलांसमोर त्यांची वाक्यं पूर्ण होत होती, आणि पूर्ण वाक्यांची सवय नसल्याने ते चाचपडत होते. पण मग मात्र बांध फुटला. "मला गोठ्याची लाज न्हाई वाटत, दादा. तुमी मला गाईच्या पोटात आडवं आलेलं वासरू कसं फिरवायचं ते शिकवलं, ते मी इसरलो न्हाई. पन मला मशीन कळतंय. तुमाला जनावर दुखलेलं आवाजावरनं कळतं, तसं मला मशीनचं कळतंय. त्या दिशी तुमी खांब धरून बसले तवापासून मला झोप न्हाई. तुमाला काय झालं आसतं तर मी कुठं तोंड दाखवलं आसतं? मी नोकरी सोडतो. तुमी म्हनाल तर आत्ता फोन करतो. पन दादा, मला सोडायला लावू नका. आठवड्याला येत जाईन."

व्याह्यांचा चेहरा लाल झाला होता. कपाळावरची शीर तट्ट फुगलेली. त्यांनी तोंड उघडलं. वैशाली रक्तदाबाचं यंत्र घेऊन धावली, मी फोन हातात घेतला. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. व्याह्यांनी तोंड मिटलं, मग डोळे मिटले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आम्ही सगळे खिळून त्यांच्या नाकाकडे पाहत होतो. श्वास येतोय, श्वास जातोय. त्या दिवशी त्या ओसरीवर खरं ध्यान कुणाचं लागलं असेल तर ते आमचं. हळूहळू ती धाप उतरली, शीर बसली, आणि चेहऱ्याचा रंग परत आला. डोळे उघडून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या उजव्या पंजावर पसरला आणि तो झाकलेला हात मुलापुढे केला.

मला काही कळेना. जावयांना कळलं. गुरांच्या बाजारात जुने व्यापारी सौदा असाच करतात. चारचौघांत आकडा बोलायचा नाही. टॉवेलाखाली हात घालायचा आणि एकाने दुसऱ्याची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तेवढं मागणं. पटलं नाही तर मान हलवायची आणि परत धरायची. वरून पाहणाऱ्याला नुसता टॉवेल हललेला दिसतो. जावयांना हे त्यांनी लहानपणी शिकवलं होतं, पण बरोबरीचा समजून असा हात कधी पुढे केला नव्हता. ते वडिलांसमोर मांडी घालून बसले आणि टॉवेलाखाली हात घातला. टॉवेल हलला. जावयांनी मान हलवली. परत हलला. व्याह्यांनी डोळे वटारले, मग तेही मिटले. तिसऱ्यांदा बराच वेळ हालचाल झाली नाही, आणि एकदम जावई हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. व्याह्यांनी टॉवेल बाजूला फेकला आणि मुलाच्या तळहातावर असा हात मारला की दावणीची गाय दचकली. सौदा झाला होता.

जावयांनीच मग सांगितलं. "दादांनी आदी पाची बोटं धरली. म्हंजी आठवड्यातलं पाच दिस घरी. मी एक धरलं. ते तीनावर आले. मी एकच. मंग दादांनी एक सबंद बोट धरलं आन दुसरं निम्म्या पेरापातुर." म्हणजे सुट्टीचा एक दिवस आणि त्याच्या आधीची संध्याकाळ. दीड दिवसावर बापाने लेकाला सोडलं होतं. जावयांनी तिथेच कारखान्याला फोन लावला. वैशालीने खोलीचं भाडं काय असतं ते विचारायला सुरुवात केली. मी यंत्र घेऊन व्याह्यांचा दाब पाहिला. डॉक्टरनेही नावं ठेवली नसती असा आकडा होता. मी एका कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. सुटकेने मला रडू येत होतं. हे व्याह्यांनी पाहू नये असं वाटत होतं. पण ते मागून आले आणि पाठीवर थाप मारली. पुढचा आठवडाभर खांदा दुखत होता.

रविवारी त्यांनी बाईंसमोर सगळी कबुली दिली, हात वापरल्याचीसुद्धा. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खुणा केल्यात म्हणजे मौन मोडलं. हा दिवस धरायचा नाही. पुढच्या पौर्णिमेला परत." अशा रीतीने आमचे व्याही त्या परीक्षेत नापास झाले. मी विचारलं, वाईट वाटलं का? तर म्हणाले, "वाईट कशाला? बाई खरी हाय. सौदा झाला म्हनून मार्क वाढवून दिलं न्हाई."

आता वैशाली आणि जावई सुप्याला राहतात. दीड दिवसाचा शब्द आजतागायत पाळला जातो. शनिवारी संध्याकाळी व्याही रस्त्यावर येऊन उभे असतात आणि कुणी विचारलं तर हवा खातोय म्हणतात. ओरडणं पुष्कळ कमी झालंय. मधे बाजारात गेलो होतो तर तिथला एक जुना व्यापारी मला म्हणाला, "तुमचं पाव्हणं आजारी हायेत का? आवाज न्हाई त्यांचा." मी सांगितलं, बरे आहेत, उत्तम आहेत. पण खरं सांगायचं तर मलाही त्या घरी गेल्यावर हल्ली थोडं चुकल्यासारखं होतं. जन्मभर शांततेसाठी 'शूऽऽ' करत आलेला मी, त्या ओसरीवर बसून कुणीतरी जोरात काही बोलेल म्हणून वाट बघतो.

परवा मुक्कामाला होतो. सकाळी धारा काढून झाल्यावर व्याही गोठ्यातच पोतं टाकून बसले, मीही शेजारी बसलो. जनावरं रवंथ करत होती. बराच वेळ गेल्यावर मी डोळे उघडून पाहिलं तर त्यांचेही उघडे होते. मी विचारलं, साधतंय का आता? ते गाईच्या पाठीवरची माशी हाकलत म्हणाले, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "साधतंय. पन पाव्हणं, श्वास बघाया बसलो की पोरगं दिसतं. मशीनपाशी उभं आसलेलं. मी कदी त्ये मशीन बघितलं न्हाई, तरी दिसतं. बाई म्हनत्यात, दिसलं तर दिसू द्या, परत श्वासावर या. मी येतो परत." माशी परत आली, ती त्यांनी पुन्हा हाकलली. "पन लगीच न्हाई येत."